उंबरठ्यावरचे तारुण्य आणि चतुर्विध दान

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग होय. व्यापारी समाजाला हिशेबाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दीपावलीला वहीपूजन करताना मागील वर्षाची बाकी नव्या वहीत ओढली जाते. तद्वतच न्यासाची पन्नास वर्षे पूर्ण होताना काय दिले याची बेरीज मांडावी, आणि काय द्यावयाचे राहिले याची बाकीही पुढे ओढावी, हे उचित ठरते. आजच्या व्याख्यानाचा विषय ही राहिलेली बाकी आहे. ज्यांच्यामागे कुटुंबाचे पाठबळ नाही, अशा जिल्ह्यातील तरुणांचा हा विषय आहे.

जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात याहून पुढची एक सूक्ष्म दृष्टी दिली आहे. दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे किती दिले एवढाच प्रश्न नसून कसे दिले, काय दिले, कोणत्या भावाने दिले आणि कोणाला दिले, हे सारे प्रश्न त्यात येतात. याच कसोटीवर आपल्या जिल्ह्यातील तरुणांचा प्रश्न तपासून पाहू.

जिल्ह्याची प्रकृती

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भूमीत गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांध घालून तलाव व बोड्या निर्माण केल्या. जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन मिळे, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे हेच तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. जमीनदारीचे ओझे उतरले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु तलाव सरकारी मालकीचे झाले आणि दरवर्षी गाळ काढणारा, पाळ दुरुस्त करणारा, पाण्याची वाटणी पाहणारा असा जबाबदार माणूस अनेक ठिकाणी उरला नाही. तलाव तेच राहिले, पालक मात्र गेला. पुढील विवेचनात हा दाखला पुन्हा उपयोगी पडणार आहे.

जिल्ह्याने विकासाच्या अनेक वाटा पाहिल्या. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध झाले. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, वरठी येथे पोलाद कारखाना आहे, जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. ३७२ कोटी रुपयांचा तो अंदाज पुढे कित्येक पटींनी वाढला, प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावांना आपले घरदार सोडावे लागले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आज सात तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख आहे.

संस्कृतीच्या दृष्टीने तर ही भूमी श्रीमंत आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष प्रकाशात आले. झाडीबोलीचा गोडवा, दंडार, खडी गंमत आणि दिवाळीनंतर गावोगावी भरणारी मंडई हे येथील लोकजीवनाचे वैभव आहे. रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीवर आजही हजारो प्रेक्षक तिकीट काढून नाटक पाहतात. गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तो या रंगभूमीचाच गौरव होय.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की, जिल्ह्याचा मोठा भाग अद्याप पावसाच्या धानावर जगतो. धानाची कापणी-मळणी आटोपली की मजुराच्या हाताला काम उरत नाही. काही दिवस तेंदूपत्ता, काही दिवस मोहफूल, काही दिवस रोजगार हमीची कामे, आणि त्यानंतर नागपूर वा त्याहून दूरच्या शहरांची वाट. आईवडील बाहेरगावी आणि मूल आजीजवळ, असे चित्र अनेक गावांत दिसते. त्यात एखाद्या घरातील कर्ता पुरुष दगावला किंवा आई गेली, तर मुलाचे शिक्षण प्रथम सुटते. अशी काही मुले आश्रमशाळेत, वसतिगृहात वा बालगृहात येतात. तेथे त्यांना अन्न, वस्त्र व शाळा मिळते. परंतु अठरावे वर्ष लागताच ते दार बंद होते. ज्या वयात सुखवस्तू घरातील मुलगा महाविद्यालयाचे शुल्क वडिलांकडून घेतो, त्या वयात या मुलाला राहण्याची खोली, जेवण, नोकरी आणि ओळखीचा माणूस हे सारे एकाच दिवशी स्वतः शोधावे लागते. मुलीच्या वाट्याला तर ही अडचण दुपटीने येते. तलाव बांधला, पण त्याचे पाणी शेतापर्यंत नेणारा पाट काढलाच नाही, अशी ही अवस्था आहे.

समाजाचा वारसा

या प्रश्नावर जैन समाजाने यापूर्वी विचार केला नाही, असे मुळीच नाही. विदर्भातच कारंजा येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. १९३४ मध्ये कुंभोजनजीक बाहुबली येथे गुरुकुल उभे राहिले. ही दोन्ही कार्ये समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेची. संस्कार आणि शिक्षण एकाच छताखाली देण्याची ही परंपरा समाजाच्या अभिमानाचा विषय आहे.

याच कुंभोज गावी एका दिगंबर जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर त्यांनी शुद्धीचे स्नान करण्याचे नाकारले आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हा प्रसंग समाजाला रुचण्यासारखा नाही, तथापि तो विसरण्यासारखाही नाही. कारण त्याच तरुणाने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीला जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परंतु भाऊरावांचे खरे मोठेपण ‘कमवा आणि शिका’ या योजनेत आहे. मुलाने श्रम करावेत, त्या श्रमाचे मोल त्याच्या शिक्षणास लागावे आणि त्याने मान ताठ ठेवून बाहेर पडावे, ही त्यामागची दृष्टी. तत्त्वार्थसूत्रातील ‘विधी’ या शब्दाचा याहून उत्तम दाखला मिळणे कठीण आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण भारतीय जैन संघटनेचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव परिसर उद्ध्वस्त केला. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्याला आणली गेली आणि वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था झाली. पुढे त्याच ठिकाणी मेळघाटातील आदिवासी मुलांना आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही आसरा मिळाला. धान्याची पोती व घोंगड्या वाटून परतणे सोपे होते. त्याऐवजी वर्षानुवर्षांची जबाबदारी पत्करली गेली, यात या कार्याचे मोल आहे.

एक दूरदेशीचा आरसा

आपल्या अडचणी केवळ आपल्याच आहेत असे मानण्याची माणसाची सवय असते. म्हणून क्षणभर पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाकडे पाहू. ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झालेला हा देश कोको व सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील विणकर अरुंद पट्ट्या विणून त्या जोडून ‘केंटे’ नावाचे रंगीत वस्त्र तयार करतात. मागे वळून पाहणाऱ्या पक्ष्याचे ‘सांकोफा’ हे चिन्ह तेथे घरोघरी दिसते. मागे राहिलेले मोलाचे परत जाऊन आणावे, असा त्याचा आशय.

या देशाच्या दक्षिण भागात वर्षाला पावसाचे दोन हंगाम येतात, उत्तर भागात एकच. त्यामुळे उत्तरेतील मुली मोठ्या संख्येने राजधानी आक्रा येथे येऊन बाजारात डोक्यावर ओझी वाहतात आणि अनेकदा उघड्यावर झोपतात. एक पाऊस, एक पीक आणि नंतर शहराची वाट, ही कथा भंडाऱ्यातील श्रोत्याला परकी वाटू नये.

साम्य येथेच संपत नाही. १९६५ मध्ये व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे धरण पूर्ण झाले. वीज आली, कारखाने आले. त्याचबरोबर सुमारे ८० हजार लोक विस्थापित झाले आणि जगातील अतिविशाल कृत्रिम जलाशयांपैकी एक निर्माण झाला. त्या जलाशयावर मासेमारी वाढली आणि गरीब घरांतील लहान मुले होड्यांवर राबण्यासाठी नेली जाऊ लागली. अशाच मुलांपैकी एक जेम्स कोफी अन्नान. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हेही घानाचेच, पण हे गृहस्थ निराळे. वयाच्या सहाव्या वर्षी ते तेथे नेले गेले आणि तेराव्या वर्षी निसटले. पुढे शिकून ते बँकेत अधिकारी झाले, आणि २००३ मध्ये त्यांनी ‘चॅलेंजिंग हाइट्स’ ही संस्था स्थापन केली. ही संस्था मुलांना जलाशयावरून सोडवून आणते, काही काळ निवारा देते, शाळेत घालते आणि त्याचबरोबर मुलाच्या आईला उत्पन्नाचे साधन मिळवून देते. कारण घरातील दारिद्र्य तसेच राहिले तर सोडविलेले मूल पुन्हा तेथेच जाते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

घानातील अनाथालयांचा अनुभवही बोधप्रद आहे. परदेशी देणगीदारांच्या उत्साहामुळे तेथे अनाथालये पुष्कळ निघाली. पुढे असे दिसून आले की, त्यांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते आणि केवळ गरिबीमुळे मूल संस्थेत आले होते. म्हणून तेथील शासनाने अनाथालयांऐवजी कुटुंबातच मुलाचा सांभाळ व्हावा, असे धोरण स्वीकारले. इमारत दात्याला दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. आजीच्या झोपडीत शांतपणे वाढणारे मूल दिसत नाही. तथापि पात्राचे हित पाहावयाचे तर पुष्कळदा ती झोपडीच बळकट करावी लागते.

कायदा आणि त्याची मर्यादा

भारतातही कायद्याने हीच दिशा धरली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात संस्थेपेक्षा कुटुंबाला प्राधान्य आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली नातेवाइकांकडे वा अन्य कुटुंबात वाढणाऱ्या गरजू मुलासाठी २०२३ पासून दरमहा २२५० रुपयांचे साहाय्य ठरले आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्यांसाठी त्याच अधिनियमात अनुरक्षणाची तरतूद आहे. साधारणतः एकविसाव्या आणि विशेष परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत हे साहाय्य देता येते. करोनाकाळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये जी योजना केली, तीतही अठरा ते तेवीस या वयात दरमहा विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, अशी रचना आहे. अठरा ते तेवीस हीच खरी निसरडी पायरी आहे, हे यावरून शासनानेही मान्य केल्याचे दिसते.

तथापि कायद्याची तरतूद आणि प्रत्यक्ष तरुण यांच्यामध्ये कागदपत्रांचे मोठे रान पसरलेले असते. जन्माचा दाखला, आधार कार्ड, अनाथ प्रमाणपत्र, बँक खाते यांपैकी एक जरी कागद नसला तरी हक्क हाती येत नाही. ज्याच्यामागे वडीलधारे माणूस नाही, त्याच्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या कोणी चढावयाच्या?

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी याला स्वतःच्या कृतीने उत्तर दिले. बेवारस दिव्यांग मुलांचा त्यांनी आयुष्यभर सांभाळ केला आणि त्यांना पिता म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, यासाठी ते दीर्घकाळ आग्रह धरीत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली, जन्मतः दृष्टिहीन असलेली एक कन्या राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिचा हात सुटला असता, तर तो दिवस उगवला असता काय?

न्यासाने काय करावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समाजाच्या एखाद्या स्थानिक न्यासाने या कामी काय करावे? नवे अनाथालय काढावे, ही सूचना उत्साहाच्या भरात पुढे येणे स्वाभाविक आहे. परंतु अठरा वर्षांखालील निराधार मुलांना संस्थेत ठेवण्यासाठी अधिनियमानुसार नोंदणी अनिवार्य आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षित सेवकवर्ग लागतो. त्यापेक्षा जेथे सर्वांचा हात सुटतो, तेथे हात देणे अधिक हितावह आहे.

पहिले काम यादीचे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालय, बाल कल्याण समिती आणि वसतिगृहांचे अधीक्षक यांच्या साहाय्याने सोळा ते अठरा वयातील गरजू मुलामुलींपर्यंत पोहोचावे. दार बंद होण्यापूर्वी दोन वर्षे तयारी सुरू झाली, तरच ती उपयोगी पडते.

दुसरे काम कागदपत्रांचे. समाजात निवृत्त शिक्षक, वकील, सनदी लेखापाल आणि बँक कर्मचारी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस दिला तरी अनेक तरुणांचे अडलेले दाखले मिळू शकतात. या दानाला पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते.

तिसरे काम निवासाचे. आयटीआय, परिचर्या वा पदवीचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाला भंडारा वा नागपूर येथे तीन वर्षे खोली व भोजन मिळाले, तर त्याचे आयुष्य मार्गी लागते. मुलींसाठी ही सोय स्वतंत्र व सुरक्षित असावी. येथे भाऊरावांचा धडा स्मरणात ठेवावा. पंक्तीत जातीचा प्रश्न येऊ नये आणि साहाय्याच्या बदल्यात धर्माचरणाची अट नसावी. भोजनगृहातील सात्त्विक आहार हा नियम असेल, श्रद्धेची परीक्षा नसेल.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यात समाजाजवळ असे द्रव्य आहे की जे दानपेटीत कधीच पडत नाही. ते म्हणजे व्यापाराचे ज्ञान. माल पारखणे, उधारी सांभाळणे, रोजमेळ लिहिणे, शब्द पाळणे आणि पत निर्माण करणे, हे व्यापारी कुटुंबातील मूल दुकानाच्या गादीवर बसून नकळत शिकते. निराधार तरुणाला ते शिकविणारा कोणी नसतो. एकेका पेढीने एकेक तरुण उमेदवार म्हणून घ्यावा, पहिल्या दिवसापासून त्याला रीतसर वेतन द्यावे आणि दोन वर्षांत हिशेब शिकवून मोकळा करावा. स्वस्तातला नोकर मिळविण्याचे हे साधन मात्र होऊ देऊ नये. तसे झाले तर ते दान न राहता शोषण ठरेल.

येथे अहिंसेचा एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. जिल्ह्यातील ढिवर समाज मासेमारीवर जगतो. कोसा हे तर येथील नामांकित वस्त्र, परंतु त्याचा धागा काढण्यासाठी कोश उकळावा लागतो व आतील जीव मरतो. जैन न्यास अशा व्यवसायांना उत्तेजन देऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु त्या घरातील मुलाकडे त्याच्या वडिलांच्या व्यवसायामुळे उपेक्षेने पाहणे, हीही हिंसाच होय. त्याच्यापुढे वीजजोडणी, यंत्रदुरुस्ती, परिचर्या, सुताकाम, पितळकाम अशा अन्य वाटा उघडणे, हा अहिंसेचा विधायक अर्थ आहे. जो मार्ग नको असे वाटते, त्याला पर्याय देण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावरच येते.

शेवटचे काम पालकत्वाचे. प्रत्येक तरुणामागे एक श्रावक कुटुंब असावे. सणाला घरी बोलावणारे, आजारपणात रुग्णालयात जाणारे, नोकरीच्या अर्जावर ओळख म्हणून नाव देणारे, आणि चुकल्यास रागावणारेही. हे नाते तेविसाव्या वर्षापर्यंत तरी टिकावे.

अभयदानाचा अर्थ

आहारदान, औषधदान आणि ज्ञानदान या तिन्ही बाबतींत जैन समाजाची कीर्ती भारतभर आहे. अभयदानाचा अर्थ मात्र बहुधा मुक्या प्राण्यांपुरता घेतला जातो. पांजरपोळ हे समाजाचे भूषण आहेच. परंतु बालगृहाच्या पायरीवर हाती पिशवी घेऊन उभा असलेला अठरा वर्षांचा मुलगाही भयभीत जीवच आहे. आज रात्री झोपावयाचे कोठे, हे त्याचे पहिले भय. आपण कोणाचेच नाही, हे दुसरे भय, आणि ते पहिल्याहून मोठे. पहिले भय खोलीने दूर होईल. दुसरे दूर करण्यासाठी माणूसच लागतो.

मालगुजारी गेल्यावर ज्या गावांनी एकत्र येऊन तलावाची पाळ स्वतः राखली, त्या गावांचे धान टिकले. जेथे प्रत्येकाने तलाव दुसऱ्याचा मानला, तेथे गाळ साचला. तरुण पिढीचेही तसेच आहे. जीवांनी परस्परांवर उपकार करावा, हे जैन दर्शनाने जीवाचे कार्यच सांगितले आहे. न्यासाच्या पुढील वहीच्या पहिल्या पानावर हीच बाकी ओढली जावी आणि शताब्दीच्या वेळी ती फिटलेली दिसावी, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.